बिंदल्यांचं सोनं

“मावशी, दागिन्यांचं सोनं जिभेत नाही चालत. त्यात तांबं असतं. टायटॅनियम घ्या, ते तोंडाला बाधत नाही,” डॉ. तांडेल म्हणाल्या.

इंदूताईंची जीभ सुजली होती. चवमणी त्यांनी हट्टाने सोन्याचा करून घेतला होता, लेकीच्या बारशातल्या बिंदल्या आटवून. त्याचा जोडमणी मंगळावर रेवतीच्या जिभेत होता. इथे आईने घास घेतला की तिथे डब्यातला लगदा गिळणाऱ्या लेकीला त्याची चव लागायची.

“आज हा काढू. जखम भरली की नवा घालू.”

“तोवर माझी पोर काय खाईल?”

इंदूताईंनी पिशवीतला डबा उघडला. ओल्या काजूची उसळ होती. जिभेची आग आग झाली, तरी त्यांनी शेवटचा घास तोंडात सावकाश घोळवला. मग मणी काढू दिला.

त्या घरी पोचल्या तेव्हा मंगळावरून रेवतीचा निरोप येऊन पडला होता.

“आई, उसळ पोचली. महिनाभर तुझ्या प्रत्येक घासाला रक्ताची चव येत होती. बोलले असते, तर तू मणी काढला असतास.”