शनिवारपर्यंत पाच

केकवर सहा मेणबत्त्या होत्या. रुपर्टच्या हिशेबाने त्यात एक जास्त होती.

केक घेऊन आला तो अलॉइस. दिवसभर तो खुर्च्यांच्या लिफ्टपाशी उभा राहून लोकांना डोंगरावर पाठवायचा आणि संध्याकाळी बायकोच्या गेस्टहाउसात त्याच लोकांना सूप वाढायचा. सहा वर्षांखालच्या पोरांना लिफ्ट फुकट. म्हणून रोज सकाळी रुपर्टच्या मुलीला, फ्लोराला, स्कीसकट उचलून खुर्चीत ठेवताना तो विचारायचा, "किती वर्षांची गं तू?" फ्लोरा म्हणायची, "पाच." मग तो तिच्या खिशात एक चॉकलेटचा वेफर सरकवायचा. खरं बोलणाऱ्यांना मिळतो, म्हणायचा.

फ्लोराला सोमवारी सहा वर्षं पूर्ण झाली होती. आज गुरुवार. पण हा सोमवार आपण शनिवारी, घरी परतताना गाडीत साजरा करायचा, तोवर तू पाचच, असं पापाने तिला सांगितलं होतं. फ्लोराने ते फार मनावर घेतलं. तिचा पुढचा एक दात हलत होता. शनिवारपर्यंत तोही पडू द्यायचा नाही म्हणून ती सूप दुसऱ्या बाजूने पीत होती.

"एक मेणबत्ती जास्त झाली वाटतं," रुपर्ट म्हणाला.

"मोजून लावल्यात," अलॉइसची बायको वाल्त्राउड स्वयंपाकघरातून म्हणाली. "तुझ्या आईचा लिंझहून फोन आला होता. नात सोमवारी सहाची होतेय, गुपचूप केक करा म्हणाल्या. नेमकी सोमवारी ओव्हनने मान टाकली. म्हणून आज."

अलॉइसने मेणबत्त्यांकडे बघितलं. मग फ्लोराकडे. "सहा?"

रुपर्टला दोन वाक्यं सुचली. पहिलं खरं होतं, पण लांबलचक होतं. तो दुसरं बोलला.

"आईचं काय आहे ना, तिला हल्ली आकडे लक्षात राहत नाहीत."

त्याच्या बायकोने, उल्लीने, चमचा खाली ठेवला. त्या वेळी लिंझमध्ये रुपर्टची आई तीन मैत्रिणींना पत्त्यांत हरवत होती आणि कुणाच्या हातात कुठलं पान उरलंय हे तिला तोंडपाठ होतं.

वाल्त्राउड एप्रनला हात पुसत बाहेर आली. "अरे देवा. कधीपासून?"

"नाताळपासून," रुपर्ट म्हणाला. कधीपासून विचारल्यावर काहीतरी सांगावं लागतं.

वाल्त्राउडने खुर्ची ओढली आणि बसली. "माझ्या आईचं अगदी असंच सुरू झालं. आधी नातवंडांची वयं गेली. मग नावं. मग एक दिवस मला म्हणाली, बाई, तुम्ही किती प्रेमाने वाढता, तुमची आई कुठे असते?"

अलॉइसने केक टेबलावर ठेवला आणि बायकोच्या खांद्यावर हात ठेवला. शेजारच्या टेबलावरच्या डच कुटुंबाने गाण्यासाठी तोंडं उघडली होती. ती त्यांनी मिटली.

"मी घरची पाइनची दारू भरून देते," वाल्त्राउड म्हणाली. "रोज एक घोट द्यायचा. उपयोग काही होत नाही. पण तिला वाटतं, कुणीतरी काहीतरी करतंय."

"नको, खरंच नको."

"लाजतोस काय? आईच आहे तुझी."

"शनिवारपर्यंत सासूबाई वारल्या नाहीत म्हणजे मिळवली," उल्ली सुपाच्या वाटीला म्हणाली.

"असू दे रे," अलॉइस म्हणाला. "एक मेणबत्ती काढून टाकू. बिचाऱ्या आजीला कोण सांगायला जातंय." आणि त्याने सहाव्या मेणबत्तीला हात घातला.

"काढू नका," रुपर्ट म्हणाला.

अलॉइसचा हात तिथेच थांबला.

"सहाच बरोबर आहेत. आईला काहीही झालेलं नाही. ती ठणठणीत आहे. फ्लोरा सोमवारीच सहाची झाली. लिफ्ट फुकट मिळावी म्हणून मीच तिला…"

वाल्त्राउडचे डोळे अजून ओले होते. आता त्यांचं काय करायचं हे तिला कळत नसावं.

फ्लोरा घाबरून बापाकडे बघत होती. तिने अलॉइसची बाही ओढली.

"पापाचं ऐकू नका," ती म्हणाली. "मी पाचच आहे." मग ती बापाच्या कानाशी गेली आणि सगळ्या खोलीला ऐकू येईल अशा आवाजात कुजबुजली, "पापा, अजून शनिवार नाही आला."

"आता चालेल, फ्लोरा. तू सहाचीच आहेस. खरंच."

फ्लोराने त्याच्याकडे नीट निरखून बघितलं. मग त्याच्या हातावर आपला हात ठेवला.

"तुलापण आकडे लक्षात राहत नाहीत का, पापा?"

रुपर्टने उल्लीकडे बघितलं. उल्ली खिडकीबाहेर बघत होती. बाहेर काळोख होता, दिसण्यासारखं काही नव्हतं.

वाल्त्राउड उठली. तिने डोळे पुसले, सुरी घेतली आणि मेणबत्त्या जळत असतानाच केकचा एक मोठा तुकडा कापून रुपर्टपुढे ठेवला. मग एक रुमाल उलगडला आणि त्याच्या गळ्याभोवती नीट बांधला.

"अशा माणसांशी वाद घालायचा नाही गं, बाळा," ती फ्लोराला म्हणाली. "हो म्हणायचं आणि भरवायचं."

"हो," फ्लोरा म्हणाली, आणि चमचा उचलला.

रुपर्टने तोंड उघडलं.