पाहुण्यांसाठी रांगोळी

"माणसं येणार म्हणून परसदार कसं लख्ख केलंय बघ!" सासूबाई म्हणाल्या आणि मी कपाळावर हात मारून घेतला.

कीटकांच्या पाहणीसाठी आमचं परसदार मीच हौसेनं देऊ केलं होतं. मी चार दिवस माहेरी गेले, तेवढ्यात सासूबाईंनी गवत कापलं, पालापाचोळा झाडला, वर फिनेल शिंपडलं. पाहणीला आलेल्या मुलीला साधी मुंगी दिसेना.

"ही जागा नाही चालणार, आजी," ती हळूच म्हणाली.

सासूबाईंचा चेहरा उतरला. "म्हणजे कचराच हवा होता होय? तो विहिरीमागे टाकलाय की!"

मुलगी तिकडे धावली. ढिगाऱ्यात नाकतोडे, भुंगे, ढालकिडे नुसते वळवळत होते. "इथंच सापळा लावते! दर रविवारी येईन," ती हरखून म्हणाली.

पुढच्या रविवारी सकाळी सासूबाई त्या ढिगाऱ्यापुढे रांगोळी काढत होत्या, तीही चक्क तांदळाच्या पिठीची. ठिपक्यांवर मुंग्या जमल्या होत्या.

"एवढी चांगली पिठी कशाला वाया घालवताय?" मी विचारलं.

"वाया कशी जाईल?" त्या म्हणाल्या. "पाहुणे कोण, ते आत्ता कळलंय मला."