डावीकडची कोरी जागा

कोल्हापूरच्या त्या कलादालनात प्रत्येक चित्राखाली दोन पाट्या असत. एकीवर माणसाने लावलेला अर्थ, दुसरीवर यंत्राने लावलेला. माणसाची पाटी समीक्षक ऊर्मिला गुर्जर लिहायची.

यंदाचं प्रदर्शन तिच्या कॉलेजपासूनच्या मित्राचं, भास्कर नार्वेकरचं होतं. त्याच्या नव्या चित्रांचा डावा भाग कोराच होता. ‘बायको गेल्यानंतरचं मौन’, असं तिने मनापासून लिहिलं होतं.

उद्घाटनाच्या सकाळी यंत्राची पाटी उजळली. ‘ही शैली नसावी. चित्रकाराला डावी बाजू जाणवत नसण्याची शक्यता आहे. मेंदूची तपासणी करावी.’

“याला दुःख काय कळणार!” ऊर्मिला चिडून पुटपुटली.

तेवढ्यात भास्कर आला. तिने विचारलं, “डावीकडे कोरं का सोडलंस रे?”

“कोरं?” चित्राकडे बघत तो हसला. “अगं, कापडभर रंगवलंय की! बोटभरही जागा सोडलेली नाही.”

ऊर्मिलाने आपली पाटी काढून पर्समध्ये टाकली आणि ती त्याच्या उजव्या बाजूला, त्याला दिसेल अशी, जाऊन उभी राहिली.

“भास्कर, उद्घाटन राहू दे. आधी दवाखान्यात चल.”