दोनदा तिखट

स्वतःच्या तपासणीचा रिपोर्ट आणायला नवरा एकटाच गेला होता. आल्या आल्या म्हणाला, "सगळं ठीक आहे. जेवायला वाढ."

तिचा जीव भांड्यात पडला. तिनं लगबगीनं काकडी-टोमॅटो चिरले. घट्ट दही, साय, लसूण आणि लाल तिखट मिक्सरमध्ये फिरवून त्यावर ओतलं. त्यानं वाडगा चाटूनपुसून साफ केला.

"झकास! तुझ्या हाताला चवच आहे बघ."

मिक्सरच्या भांड्याला लागलेलं तिनं बोटावर घेऊन चाटलं आणि डोळ्यांतून पाणीच आलं. गडबडीत तिखट दोनदा पडलं होतं, मीठ तर घालायचंच राहिलं होतं.

तीस वर्षं साध्या चहालाही नावं ठेवत आलेला माणूस!

तिनं हात पुसले.

"अहो, तो रिपोर्ट दाखवा बघू मला."