स्वच्छ खिसा

या, जरा पुढं सरकून बसा. गोष्ट लहानशी आहे. एका बापाची आणि गाडीच्या एका चाकाची. पण ऐकून उठताना तुम्हाला आपलंच कुणीतरी आठवेल, एवढा शब्द देतो.

तर बाप मागच्या डाव्या चाकाशी उकिडवा बसला होता. गाडी लेकीची. तिला दूरच्या गावी नोकरी लागली होती, आणि थोड्याच वेळात ती एकटी घाट चढून जाणार होती. बापानं हवा मोजायचं गेज दाबलं. हवा हवी तेहतीस, गेज दाखवत होतं बावीस.

हा माणूस जन्मभर शाळेची बस चालवलेला. एकवेळ आंघोळ राहील, पण हवा बघितल्याशिवाय गाडी दाराबाहेर काढायचा नाही. हवा बघायची तीही चाकं गार असतानाच. "तापलेलं चाक खोटं बोलतं," तो लेकीला सांगायचा. "आधी निवू द्यावं, मग विचारावं." गेज व्हॉल्व्हवर सरळ दाबायचं. जरा फुस्स झालं, की तो आकडा सोडून द्यायचा आणि पुन्हा मोजायचं. व्हॉल्व्हच्या चारही टोप्या हरवू नयेत म्हणून काढून शर्टाच्या खिशात टाकायचा. त्यामुळे खिसा कायमचा काळा. "खिसा आहे का कोळशाचं पोतं?" म्हणून बायको प्रत्येक धुण्याला करवादायची.

आज मात्र टोपी त्याच्या मुठीतच होती. मन थाऱ्यावर नव्हतं. तो नको म्हणाला होता आणि लेक जाते म्हणाली होती. तेव्हापासून दोघं एकमेकांशी भिंतीआडून बोलावं तसं बोलत होते. तेवढ्यात आतून तिचा आवाज आला. आईला हसत म्हणत होती, "सुटले बाई एकदाची या घरातून!"

ते त्याला झोंबलं. थट्टा होती हे त्यालाही कळत होतं, पण राग कधी कळण्यासाठी थांबतो का?

"जा मग," तो पुटपुटला. हवा न भरताच टोपी फिरवून बसवली आणि उठला.

लेक बॅगा घेऊन बाहेर आली. "बाबा, हवा बघितलीत ना?"

"बघितली."

शब्दाला शब्द खरा होता. बघितली तर होतीच! पण असलं खरं देवाच्या दारी चालत नाही हो.

लेकीनं त्याच्या छातीवर डोकं टेकलं. जरा वेळ तशीच राहिली. मग गाडीत बसली आणि गेली.

बायकोनं चहा आणून ठेवला. "एकटी गेली, पण मला घोर नाही," ती म्हणाली. "चाकं तुमच्या नजरेखालून गेलीत."

त्यानं उचललेला कप तसाच खाली ठेवला. त्याला घाटाची वळणं दिसली. सामानानं खाली बसलेली गाडी दिसली. ते मऊ पडलेलं चाक दगडांवरून तापत, घासत चाललेलं दिसलं. त्यानं फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही, हेही त्यानंच शिकवलेलं!

गेज आणि पायपंप स्कूटरवर टाकून तो निघाला. "अहो, चहा तरी!" बायको मागून ओरडली. तो वळलासुद्धा नाही. बसमध्ये लोकांची एवढी लेकरं बसवली, एकाला ओरखडा येऊ दिला नाही. आणि आपल्या लेकराला आपणच? "देवा," तो रस्ताभर म्हणत होता, "राग माझा होता रे. तिच्याकडून वसूल करू नकोस."

घर मागं पडलं, दुकानं मागं पडली. घाट सुरू व्हायच्या अलीकडे कडेला तिची गाडी उभी दिसली, आणि त्यानं करकचून ब्रेक दाबला.

लेक कठड्यावर बसून सफरचंद खात होती.

"फुटला? टायर फुटला?"

"नाही हो. चाकं निवतायत." ती खाली उतरली. "निवलीच असतील आता. गेज आणलंत ना?"

"मग फोन का नाही उचललास?"

"फोनवरून हवा भरता येते होय?"

त्याला हसू आलं नाही. मान खाली घालून तो म्हणाला, "पोरी, मला ठाऊक होतं. बावीस होती. कळूनसवरून तसाच उठलो मी."

"हवा किती ते मला माहीत नव्हतं. पण तुम्ही बघितल्यासारखी बघितली नाहीत, एवढं कळलं होतं."

"तरी निघालीस? आणि मी आलोच नसतो तर?"

"घाटाच्या अलीकडेच थांबायचं ठरवून निघाले. चाकं निवायला वेळ लागतोच. तेवढ्यात तुम्हीही निवाल म्हटलं."

"पण तुला कळलं कसं?"

तिनं त्याच्या छातीवर बोट टेकलं.

"तुमचा खिसा स्वच्छ होता, बाबा."

तो चाकाशी बसला. एकेक टोपी काढून खिशात टाकत गेला. डोळे पुसायला हात काळे होते, म्हणून तसेच वाहू दिले.

उद्या तुम्ही गाडीला किल्ली लावाल. लावण्याआधी क्षणभर थांबा, आणि तुमच्यासाठी ज्याचा खिसा काळा झालाय, त्याची तेवढी आठवण काढा.