किडनीबरोबर गेलेलं

मंदाकिनीने आपली एक किडनी नऊ वर्षांच्या लेकीला, ओवीला दिली, तेव्हा सोलापुरातल्या अख्ख्या आळीने तिचं कौतुक केलं. सात महिन्यांनी लेकीच्या मानेत गाठी आल्या. तपासणीत लिम्फोमा निघाला, म्हणजे कॅन्सरच.

"कशानं झालं, मॅडम?" मंदाकिनीने विचारलं.

डॉक्टर म्हणाल्या, "एक विषाणू असतो. शंभरातल्या नव्वद जणांच्या अंगात तो जन्मभर गुपचूप पडून असतो, सहसा काही करत नाही. तो तुमच्यात होता, ओवीत नव्हता. किडनीबरोबर तिच्यात गेला. किडनी टिकावी म्हणून आपण औषधांनी तिची प्रतिकारशक्ती दाबून ठेवलीय. त्यामुळे तो माजला आणि त्यातूनच हा कॅन्सर झाला."

"म्हणजे मीच दिला."

"तुम्ही किडनी दिलीत, ताई. विषाणूवर कुणाचा इलाज होता?"

आता तीच औषधं कमी करायची होती. गाठी कदाचित जिरतील, पण शरीर किडनी नाकारेल, अशी भीती होती. मंदाकिनीने संमतीच्या कागदावर सही केली.

गाठी खरोखरच जिरल्या. औषधं कमी केल्यावर चौथ्या महिन्यात किडनी मात्र बंद पडली आणि ओवीचं डायलिसिस पुन्हा सुरू झालं.

मशीनला जोडलेली ओवी पहिल्याच दिवशी हळूच म्हणाली, "आई, तू एवढं पोट कापून किडनी दिलीस, आणि मला ती नीट सांभाळता आली नाही. रागावलीस का गं?"

मंदाकिनीने नकारार्थी मान हलवली. तो विषाणू आपल्याच किडनीतून आला, हे लेकीला सांगायचं तिने घरूनच ठरवून आणलं होतं. पण ती नुसतं ओवीचं पांघरूण नीट करत राहिली.