हरतालकेची ट्रायल

"बहात्तरांतले एकतीसच आलेत!" इंजिनियर नंदकुमारांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "दत्ताराम, दहा वाजता डायरेक्टर येतायत. एकाच लाइनवर मोटार आणि व्हॅन आलटून पालटून निघाल्या नाहीत, तर व्हॅनचं काम दुसऱ्या कारखान्याला जाणार. माझा चार्ट बहात्तर जणांचा आहे हो!"

हरतालकेच्या दिवशी ट्रायल ठेवणाऱ्याला काय म्हणावं? मुलुंडच्या त्या कारखान्यात निम्म्याहून जास्त माणसं कोकणातली. चौऱ्याऐंशी साल असो की आणखी कुठलं, उद्या गणपती म्हटल्यावर चाकरमानी कोणाच्या बापाचं ऐकत नाही. फोरमन दत्तारामची स्वतःची एस.टी. रात्रीची होती.

"चार्ट ठेवा बाजूला, साहेब," तो म्हणाला. "गणपतीत दरवर्षी आम्ही असंच भागवतो."

त्याने जड टेबलं हलवली आणि हत्यारं चाकांच्या ट्रॉल्यांवर चढवली. तीन जणांची कामं एकाच्या गळ्यात घातली. व्हॅन आली की ट्रॉल्या पुढे, मोटार आली की मागे. दुपारपर्यंत तीन मोटारी आणि दोन व्हॅन बाहेर पडल्या. नंदकुमारांचा जीव भांड्यात पडला. दत्तारामलाही मनातून झकास वाटलं.

"वा! व्हॅन इथेच राहील," डायरेक्टर म्हणाले. मग त्यांची नजर माणसांवरून फिरली. ओठ हलू लागले. "एकतीसच? आणि एरवी बहात्तर?" त्यांनी खिशातून पेन काढलं. "मग त्या एक्केचाळीस जणांना आपण कशाला पोसतो?"

दत्तारामने घड्याळाकडे पाहिलं. ते एक्केचाळीस जण एव्हाना घाटात असतील, मखराचं सामान मांडीवर घेऊन. आणि इथे त्यांची वाट लावली कोणी, तर आपणच.

पुढची व्हॅन त्याच्यासमोर आली. त्याने शेजारच्याच्या हातातून पाना घेतला. दाराची बिजागरी स्वतः बसवली, आवळली आणि बाजूला झाला. दार चौकटीत अडकून बसलं. लाइन थांबली, मागची मोटार खोळंबली. बावीस वर्षांत त्याच्या हातून असं दार बसलं नव्हतं. हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

"दत्ताराम, तुमच्या हातून?" नंदकुमार ओरडलेच.

लाजेने त्याचे कान तापले. तरी तो डायरेक्टरांकडेच वळला.

"काय करणार साहेब, माणसं कमी पडतात."